पेज द्यायला हरकत नाही

पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस बरा होतोय की नाही हे ओळखायला आमच्या काळी एक साधी परीक्षा होती. पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि ऐकायचं. आतून गुडगुड आली, म्हणजे आतडी जागी झाली. मग रोग्याच्या नाकातली नळी काढायची आणि घरच्यांना सांगायचं, पेज द्यायला हरकत नाही. गुडगुड आली नाही तर तोंडात पाण्याचा थेंब नाही, मग रोगी कितीही गयावया करो. रत्नागिरीतल्या ज्या खाजगी हॉस्पिटलात मी १९९८ साली सिस्टर म्हणून लागले, तिथे ही परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडे आलं. ते कसं आलं आणि माझ्यावर कसं उलटलं, हे मला एकदा सांगून टाकायचंय. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही. त्यात मोठेपणा वगैरे काही नाही, नुसता भिडस्तपणा आहे, आणि त्या भिडस्तपणाचा मला अजून राग येतो.

हॉस्पिटल लहान होतं. पुरुषांच्या आठ खाटा, बायकांच्या सहा, ऑपरेशनची खोली आणि मागच्या बाजूला पत्र्याखाली नातेवाइकांसाठी स्वयंपाकाची जागा. देवरूख, लांजा, पार गुहागरकडून माणसं यायची, ती आपापला स्टोव्ह आणि तांदूळ घेऊनच. डॉक्टर एकच, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. सरांच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. मी त्यांना टाके घालताना पाहिलंय. इतका स्वच्छ हात मी पुढे मोठमोठ्या हॉस्पिटलांतही पाहिला नाही. त्यांच्याबद्दल रागानं लिहायला बसले असले तरी हे आधी सांगायला हवं, नाहीतर मीही त्यांच्याच पंक्तीला जाऊन बसायची.

लागून चार-पाच महिने झाले असतील. एका सकाळी राउंडला सरांनी एका म्हाताऱ्याच्या पोटावर स्टेथो ठेवला, डोळे मिटले, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "छान आहेत आवाज." मग स्टेथो माझ्या हातात देऊन ते पुढे गेले. मला शेजारच्या खाटेचं ब्लडप्रेशर घ्यायचं होतं. मी तोच स्टेथो कानाला लावला तर काहीच ऐकू येईना. पाहिलं तर त्याची चकती उलट्या बाजूला फिरलेली. त्या स्टेथोला दोन बाजू असतात. एक चालू असली की दुसरी बंद. सरांनी पोटावर टेकवली होती ती बंद बाजू होती.

मी चकती फिरवून मान वर केली, तर सर पुढच्या खाटेपाशी उभे राहून माझ्याकडेच बघत होते. दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, "बोलणं मला ऐकू येतं सिस्टर, फोन ऐकू येतो. हे बारीक येत नाही. दोन वर्षं झाली." मग म्हणाले, "सर्जनचे कान गेले हे गावात कळलं, तर हातही गेले म्हणायला लोकांना वेळ लागणार नाही." छाती तपासायला भुलीचे डॉक्टर येत असत, तो प्रश्न नव्हता. प्रश्न पोटाचा होता. "आजपासून पोटं तुम्ही ऐकायची," सर म्हणाले. मी सव्वीस वर्षांची होते. दीडशे खाटांच्या हॉस्पिटलात शिकताना मोठ्या डॉक्टरांनी कधी माझं नावही विचारलं नव्हतं, आणि इथे एक सर्जन मला आपलं गुपित सांगत होता. मी "हो सर" म्हटलं. वर मला ते भूषणही वाटलं.

शिकवलं मात्र त्यांनी मनापासून. चकती आधी तळहातावर धरून कोमट करायची, गार लागली की रोगी पोट आवळतो. आधी ऐकायचं, मग दाबायचं. दाबून ऐकलं तर आतडी उगाच हलतात आणि आपण फसतो. बेंबीच्या उजव्या अंगाला थोडं खाली ठेवायचं आणि घाई करायची नाही. 'आहेत' म्हणायला एक गुडगुड पुरे, पण 'नाहीत' म्हणायचं असेल तर घड्याळ लावून पाच मिनिटं ऐकल्याशिवाय म्हणायचं नाही. पहिले तीन महिने मी निरोगी पोटंसुद्धा ऐकली. वॉर्डातल्या मावशींचं ऐकलं, भुलीच्या डॉक्टरांच्या ड्रायव्हरचं ऐकलं, घरी जाऊन नवऱ्याचं ऐकलं. नवरा म्हणाला, तुला माझं बोलणं ऐकायला वेळ नाही आणि पोटाला कान लावून बसलीस. चांगलं पोट मंद आचेवरच्या पेजेसारखं अधूनमधून रटरटतं. आतडं चोंदलेलं पोट टिणटिण वाजतं, वरून खाली थेंब पडावा तसं. आणि गप्प पोटात काहीच नसतं असं नाही. लांबून हृदयाचे ठोके येतात, श्वासाची खसखस येते. फक्त मधलं माणूस, म्हणजे आतडं, घरात नसतं.

कामाची रीत ठरून गेली. सकाळी आठ वाजता मी वॉर्डात जायची, मावशी पंखे बंद करायच्या, कुणाचा ट्रान्झिस्टर असला तर तो बंद व्हायचा. मी एकेक पोट ऐकायची. सगळा वॉर्ड गप्प बसायचा. शेजारच्या खाटेचे नातेवाईकसुद्धा श्वास धरून माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवली की बायका हसायच्या आणि मागच्या पत्र्याखाली स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा. साडेआठला सरांचा चहा असे. केबिनमध्ये मी उभ्यानंच सांगायची, "दोन नंबर आहेत सर, पाच नंबर अजून नाहीत," आणि सर केसपेपरवर लिहायचे. मी लिहायचं नाही. ऐकलेलं माझं, अक्षर सरांचं. तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही. डॉक्टर असताना सिस्टरनं कशाला लिहायचं, इतकीच माझी अक्कल. राउंडला सर जीभ बघायचे, पोट चेपायचे, जखम बघायचे, आणि ऐकायचं काम सिस्टरांचं हे सगळ्या वॉर्डाला माहीत झालं. कुणी विचारलंच तर सर म्हणायचे, "त्यांचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे." लोकांना तो सरांचा मोठेपणा वाटे. मलाही वाटे, खरं काय ते माहीत असूनसुद्धा.

तीन वर्षं असं चाललं. एकदाही माझं चुकलं नाही. फुशारकी म्हणा, पण नाही चुकलं. नातेवाईक मला 'आवाजाच्या सिस्टर' म्हणू लागले. सरांनी पेज सांगितली तरी बायका स्टोव्हपाशी जायच्या आधी मला गाठून विचारायच्या, "सिस्टर, देऊ ना?" मी "द्या" म्हटलं की मगच भांडं हलायचं. पगार माझा बेताचा, घर भाड्याचं, नावापुढे कसली पदवी नाही. पण माझ्या एका शब्दावर माणसं घास भरवत होती. माझ्याकडे तेवढं एकच होतं आणि ते मला पुरत होतं.

आता कुणी म्हणेल, आवाजाचं एवढं काय. पुढे दुसऱ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरानं मला हसत सांगितलंच, "सिस्टर, आता आवाजासाठी कोणी थांबत नाही. रोग्याला भूक लागली का, वारा सरला का, पोट मऊ आहे का, ते बघायचं आणि थोडं थोडं सुरू करायचं." बरोबर असेल त्याचं. मी काही शास्त्राशी भांडायला बसलेली नाही. पण त्या दिवशी घरी येऊन मी भांडी आपटली. ज्या गोष्टीपायी माझं जे व्हायचं ते झालं, ती गोष्टच आता कुणाला नको होती.

तर २००१ साल. गणपती होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. देवरूखच्या पलीकडच्या एका गावातून एक रोगी आला. पन्नाशीचा, गावच्या शाळेत शिपाई. तीन आठवडे तापानं पडलेला, विषमज्वर, आणि घरच्या घरी काढे चाललेले. शेवटी पोट फळीसारखं कडक झालं तेव्हा जीपमध्ये घालून आणलं. आतड्याला भोक पडलं होतं. सरांनी लगेच पोट उघडलं, भोक शिवलं, आतली घाण धुऊन काढली. टेबलावरून तो जिवंत उतरला ही सरांची कमाल, हे मी आजही म्हणेन.

बरोबर त्याची बायको होती. ठेंगणी, काटक, बोलायला मोकळी. येताना तिनं उकड्या तांदळाची पिशवी आणली होती. ती खाटेखाली ठेवून पहिल्या दिवसापासून विचारत होती, कधी शिजवू. मी तिला समजावलं होतं की पोटात आवाज येईपर्यंत काही द्यायचं नाही. तिला ते पटलं होतं, किंबहुना आवडलंच होतं. मी ऐकायला लागले की ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहून पदर तोंडावर धरायची. माझं झालं की हळूच विचारायची, "बाय, काय म्हनतंय प्वाट?" मी म्हणायची, अजून झोपलंय. मग ती नवऱ्याला सांगायची, "झोपलाय वो आजून. धीर धरा." दुसऱ्या दिवशी ती मला जवळ बसवून घ्यायला लागली आणि आपल्या म्हशीचं, लेकीच्या सासरचं सगळं तिचं सांगून झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं पोट ऐकलं. घड्याळ लावून पाच मिनिटं, मग चकती दुसऱ्या जागी ठेवून आणखी पाच. काहीच नाही. नुसते ठोके. आणि पोट आदल्या दिवसापेक्षा थोडं वर आलं होतं, बेंबीची घडी उलगडल्यासारखी दिसत होती. मला ते बरं वाटेना. साडेआठला मी सरांना सांगितलं, "तीन नंबर नाहीत सर. पोट फुगल्यासारखं वाटतंय." सरांनी मान हलवली, लिहिलं, राउंडला पोटाला हात लावला, "बघू संध्याकाळी" म्हणाले.

अकराच्या सुमाराला त्या रोग्याचा पुतण्या मुंबईहून आला. कुठल्याशा कंपनीत होता, बोलण्यात जोर होता. आल्या आल्या त्यानं वॉर्डात सुनावलं की मुंबईला दुसऱ्या दिवशी खायला देतात, इथे अजून उपाशी ठेवलंय म्हणजे काय. मग तो सरांच्या केबिनमध्ये गेला. बाहेर मावशी फरशी पुसत होत्या, त्यांनी मला नंतर सगळं सांगितलं. पुतण्या म्हणाला, काकांना मुंबईला हलवतो. म्हणाला, इथल्या नव्या सर्जनचंही नाव ऐकलंय, त्यांचं मत घेऊ का? शहरात तेव्हा एक नवे डॉक्टर आले होते आणि सरांना त्यांचं नाव काढलेलं खपत नसे. सर म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. आवाज आलेत. आज पेज सुरूच करणार होतो."

मावशींनी केसपेपर आणून माझ्यापुढे ठेवला. सकाळी लिहिलेल्या ओळीखाली नवी ओळ होती. आवाज आहेत, नळी काढणे, पातळ पेज सुरू. सकाळची ओळ खोडली नव्हती, पण सकाळच्या ओळीत आवाजाबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं. नुसतं 'तेच चालू' असं होतं. तीन वर्षांत मी कधी बघितलंच नव्हतं की माझं 'नाहीत' ते कसं लिहितात. ते लिहीतच नव्हते. कधी काही अडलं तर कागदावर सापडू नये म्हणून असेल.

मी कागद घेऊन केबिनमध्ये गेले. पुतण्या बाहेर पडला होता. म्हटलं, "सर, तीन नंबरला आवाज नाहीत. मी सकाळी सांगितलं होतं." सर म्हणाले, "माहीत आहे. तिसरा दिवस आहे, येतील संध्याकाळपर्यंत. दोन चमचे पातळ पाणी दिलं तर काही होत नाही." मी म्हटलं, "पोट फुगतंय सर." तेव्हा ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, ऑपरेशन मी केलंय ना?" मी परत आले.

वॉर्डात तो पुतण्या खिडकीशी उभा होता आणि बायको पेजेचं भांडं हातात घेऊन. एवढ्यात शिजवूनसुद्धा झाली होती. पण ती खाटेपाशी गेली नव्हती, माझ्यासाठी दारात थांबली होती. म्हणाली, "डाक्टर दे म्हनालं. पन तुमी आयकलाव ना, बाय? दिऊ ना?"

इथे मी थांबते, कारण इथे मला अजूनही थांबावंसं वाटतं. नाही म्हटलं असतं तर पुतण्यानं विचारलं असतं, डॉक्टर आहेत म्हणतात आणि तुम्ही नाहीत म्हणता, म्हणजे ऐकलं कुणी? मग सरांना खाटेपाशी यावं लागलं असतं. सगळ्यांसमोर पोटावर स्टेथो ठेवावा लागला असता. ते मी तीन वर्षं सांभाळलेलं होतं. मला वाटलं, सरांची लाज राखायची तर हेच करायला हवं. आणि खरं सांगायचं तर असंही वाटलं, की सर एवढे म्हणतात तर येतीलही संध्याकाळपर्यंत.

मी म्हटलं, "हो. द्या."

तिनं नवऱ्याला टेकवून बसवलं आणि चमच्याचमच्यानं अर्धी वाटी पेज दिली. तो तीन दिवसांचा उपाशी, ओठ चाटत होता. तिचे डोळे भरून आले होते. संध्याकाळी चारला त्याला पहिली उलटी झाली. पाचपर्यंत पोट तट्ट फुगलं, ताप चढला, नाडी हाताला लागेना. सरांनी धावाधाव केली, पुन्हा नळी घातली, रक्ताच्या बाटल्या मागवल्या आणि दिवेलागणीच्या आत त्याला परत टेबलावर घेतलं. शिवलेल्या जागेचे दोन टाके सुटले होते.

पेजेनंच टाके सुटले असं मी म्हणणार नाही. ते सकाळपासूनच सुटत असणार, म्हणून तर आतडी गप्प बसली होती. पण गप्प पोट तेच तर सांगत होतं. ते मी ऐकलं होतं आणि दोनदा सांगितलं होतं.

ऑपरेशन संपल्यावर सर बाहेर आले. बोळात पुतण्या आणि बायको उभी होती. मी ट्रे घेऊन त्यांच्या मागोमाग दारात आले होते. पुतण्यानं आवाज चढवला, सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी असा कसा झाला? सरांनी कपाळावरचा घाम पुसला. म्हणाले, "हे बघा, पोट ऐकून रिपोर्ट द्यायचं काम आमच्याकडे सिस्टर करतात. त्यांनी आवाज आहेत म्हणून सांगितलं, त्यावर मी पेज लिहिली. होते चूक कधीकधी माणसाची." हे त्यांनी शांतपणे, माझी बाजू घेतल्यासारखं सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही. पुतण्या माझ्यावर ओरडायला लागला, तो काय बोलला ते मला आठवत नाही. तिनं, त्या बायकोनं, फक्त माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणेन म्हणून ती वाट बघत होती. मी म्हणाले नाही. काय म्हणणार होते? सकाळी तिच्या तोंडावर हो, द्या म्हणणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. चहा आला होता. मी म्हटलं, "सर, मी नाहीत सांगितलं होतं. दोनदा."

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

त्यांनी विसरलो म्हटलं असतं, गडबडीत राहून गेलं म्हटलं असतं, तर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण मला माहीत आहे म्हणाले. वर समजावलं, "सिस्टर, माझं नाव खराब झालं तर हे हॉस्पिटल बंद पडेल. तुमचं झालं तर काय होणार आहे? चार दिवसांत लोक विसरतील. तुमच्या नोकरीला मी धक्का लागू देणार नाही." हे मला उपकार म्हणून ऐकवलं. मी त्यांच्या कपाकडे बघत उभी राहिले. मला वाटत होतं, तो कप उचलून भिंतीवर मारावा. मी तो उचलला आणि विसळायला ठेवला. अशी मी.

त्या दिवसापासून मी केबिनमध्ये सांगायला जाणं बंद केलं. पोटं ऐकायची आणि एका वहीत लिहून ठेवायची, वेळ घालून, माझ्या सहीनं. सरांनी वही बघितली, काही बोलले नाहीत. लागली तर मावशींकडून मागवून घ्यायचे. आमचं बोलणं कामापुरतं उरलं.

तीन नंबरचा रोगी मात्र जगला. सरांनी आतडं पुन्हा नीट शिवलं होतं आणि दोन्ही बाजूंनी नळ्या ठेवल्या होत्या. रोज थोडा थोडा ताप उतरत गेला. त्याची बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडली नाही, टोचून बोलली नाही. मी खाटेपाशी गेले की उठून बाहेर जायची. मी पोट ऐकत असताना वॉर्ड पूर्वीसारखा गप्प बसेना. कुणी खोकायचं, कुणी पिशवीत हात घालून खुडबुड करायचं. सरांचं बरोबर होतं, चार दिवसांत लोक बरंच काही विसरले. आवाजाच्या सिस्टर हे नावही कुणी घेईना.

दुसऱ्या ऑपरेशननंतरचा सहावा दिवस. सकाळी आठ वाजता मी चकती तळहातावर धरून कोमट केली आणि त्याच्या पोटावर ठेवली. दोन मिनिटं काही नाही. मग खोलवर कुठेतरी एक बारीकशी गुर्रर्र. मी श्वास धरला. परत आली, लांबलचक, उजवीकडून डावीकडे सरकत गेली. मग रटरट सुरू झाली. पोट मऊ होतं, नाकातल्या नळीतून काही येत नव्हतं, पहाटे वारा सरल्याचं त्यानं स्वतःच सांगितलं. मला हसू आणि रडू एकदम आलं. सगळा राग बाजूला राहिला. मी तशीच दारात गेले. ती कठड्याला टेकून उभी होती. म्हटलं, "आले! आवाज आले. आता पेज द्यायला हरकत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. म्हणाली, "डाक्टर येऊदेत. त्येंनी सोता आयकूदे. मग दिईन."

मी म्हटलं, "अहो, मी आत्ता ऐकलं. खरंच आलेत."

"मागंपन तुमीच म्हनालाव," ती म्हणाली.

सर राउंडला आले तेव्हा ती हात जोडून पुढे झाली. म्हणाली, डॉक्टरसाहेब, तुम्ही स्वतः ऐका, त्याशिवाय मी काही देणार नाही. सारा वॉर्ड बघत होता. सरांना नाही म्हणता येईना. त्या सकाळी त्यांनी वही मागवली नव्हती, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी खिशातून स्टेथो काढला, कानात घातला, पोटावर ठेवला आणि डोळे मिटले. वॉर्ड एकदम गप्प झाला. मावशींनी पळत जाऊन पंखे बंद केले. इतकी शांतता माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

मला माहीत होतं की त्यांना काहीही ऐकू येत नाहीये. एक मिनिट गेलं असेल. त्यांनी डोळे उघडले आणि रोग्याच्या अंगावरून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत विनवणी होती. मी खाली बघितलं असतं तरी पुरे होतं. ते काही ना काही बोलायचं म्हणून बोलले असते, आणि चुकीचं बोलले असते तर एकदा तरी सगळ्यांना कळलं असतं. पण मध्ये तो माणूस पडला होता. नऊ दिवसांचा उपाशी, ओठांची सालं निघालेली, सरांच्या तोंडाकडे बघत असलेला. त्याच्या पोटात आवाज होते.

मी मान हलवली.

"छान," सर मोठ्यानं म्हणाले. "आले आवाज. पेज द्या."

बायको त्यांच्या पाया पडली. सरांनी तिला उठवलं, रोग्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते चौथ्या खाटेकडे वळले. ती डोळे पुसत माझ्याजवळून जाताना थांबली. सहा दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून माझ्याशी बोलत होती, आणि तेही मायेनं, धाकट्या बहिणीला शिकवावं तसं. म्हणाली, "बगितलाव ना, बाय? आसा आयकायचा आसता."

मी "हो" म्हटलं आणि ती पेज शिजवायला गेली.